तार जोडली तरी टाकीत वीज उरते

टोल्युईन, हेक्झेन, नाफ्था, पेट्रोल असे ज्वलनशील द्रव जिथे साठवले जातात, तिथे स्थिर विजेबद्दल विचारले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: "अर्थिंग केलेले आहे." पाठोपाठ अर्थिंगच्या खड्ड्यांची नोंदवही पुढे येते. तिच्यात ओहमचे आकडे असतात, खाली सही असते. आकडे ठीक दिसले की विषय संपतो. टँकरच्या मागे रस्त्यावर घासत जाणारी साखळी हीही याच समजुतीची खूण आहे. विजेला जमिनीत जायला वाट करून दिली की काम झाले, असे मानले जाते.

ही समजूत खोटी नाही, पण अर्धी आहे, आणि अर्धी असूनही पूर्ण वाटते म्हणून धोक्याची आहे. माझे म्हणणे असे की, ज्या द्रवांत विद्युतभार सर्वांत जास्त वेळ टिकतो, त्यांच्यात अर्थिंगची तार त्या भारापर्यंत पोहोचतच नाही. तार टाकीच्या पत्र्याला जोडलेली असते, भार मात्र द्रवाच्या पोटात असतो. तो मुळात कमी तयार होऊ देणे आणि तयार झालेला ओसरेपर्यंत थांबणे, हेच त्यावरचे मुख्य उपाय आहेत. पहिल्यासाठी वेग आवरावा लागतो, दुसऱ्यासाठी वेळ द्यावा लागतो. म्हणून हा प्रश्न इलेक्ट्रिशियनपेक्षा, एका पाळीत किती टँकर खाली करायचे हे ठरवणाऱ्या माणसाचा अधिक आहे. हे म्हणणे टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. भार कुठून येतो

द्रव पाइपाच्या भिंतीला स्पर्श करतो तेव्हा एका प्रकारचे भारित कण भिंतीला चिकटतात आणि विरुद्ध प्रकारचे द्रवासोबत पुढे वाहून जातात. द्रव स्थिर असेल तर दोन्ही शेजारी शेजारी राहतात आणि काही बिघडत नाही. पंप सुरू झाला की त्यांची ताटातूट होते आणि टाकीत भारित द्रव जमू लागतो. पाइपातून अशा रीतीने वाहणारा विद्युतप्रवाह मायक्रोअँपिअरच्या घरातला, म्हणजे अगदी क्षुल्लक असतो. पण ढोबळमानाने तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर प्रवाह चौपट होतो.

वेगाखेरीज आणखी काही गोष्टी भर घालतात. त्यांत सर्वांत मोठी फिल्टरची. बारीक जाळीच्या फिल्टरमध्ये द्रवाला घासायला प्रचंड पृष्ठभाग मिळतो, त्यामुळे साध्या पाइपाच्या कित्येक पट भार तिथे तयार होतो. द्रव वरून धबधब्यासारखा ओतला तर तुषार उडतात आणि तेही भारित असतात. द्रवात पाण्याचे थेंब, हवेचे बुडबुडे किंवा गंज मिसळलेला असेल तर भार आणखी वाढतो. पंप बंद झाल्यावरही पाण्याचे थेंब तळाशी बसत असतात आणि त्या बसण्यानेही भार तयार होत राहतो. बाहेरून टाकी शांत दिसते, आत विलगीकरण चालूच असते.

भार तयार होण्याची ही शक्यता फक्त हायड्रोकार्बनपुरती नाही. १९६९ च्या डिसेंबरमध्ये मार्पेसा, मॅक्ट्रा आणि कोंग हाकोन सातवा या तीन महाकाय तेलवाहू जहाजांत, रिकाम्या टाक्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी धुताना स्फोट झाले. मार्पेसा बुडाले. पुढच्या संशोधनाने बोट ठेवले ते टाकीत तरंगणाऱ्या भारित तुषारांकडे. १९५४ मध्ये जर्मनीतल्या बिटबुर्ग इथे विमान-इंधनाच्या टाकीवर कार्बन डायऑक्साइडची अग्निशमन यंत्रणा चालवून पाहताना स्फोट होऊन माणसे मेली. आग विझवण्यासाठी सोडलेल्या वायूतले हिमकणच भार घेऊन आले होते.

२. एकच तार, दोन वेगळे परिणाम

तयार झालेला भार द्रवातून वाट काढत टाकीच्या भिंतीपर्यंत पोहोचला, तरच तार त्याला जमिनीत नेऊ शकते. तो किती लवकर पोहोचेल हे द्रवाच्या वाहकतेवर ठरते. ही वाहकता पिकोसीमेन्स प्रति मीटर या अतिसूक्ष्म एककात मोजतात, आणि या क्षेत्रात साधारणपणे ५० च्या खालचा द्रव भार धरून ठेवणारा मानला जातो. हिशेब सोपा आहे. हायड्रोकार्बनसाठी १८ ला वाहकतेच्या आकड्याने भागले की, भार सुमारे ३७ टक्क्यांवर यायला किती सेकंद लागतात ते कळते. वाहकता ५० असेल तर अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागतो. वाहकता १ असेल तर १८ सेकंद लागतात, आणि तेवढ्याने फक्त पहिला टप्पा संपतो. अतिशुद्ध द्रवाची वाहकता १ हूनही खाली जाते, तेव्हा बाब मिनिटांवर जाते.

आता महाराष्ट्रातलेच दोन द्रव घ्या. साखर कारखान्यांच्या आवारात साठणारे इथेनॉल आणि रंग, शाई, औषधे बनवणाऱ्या कारखान्यांत वापरले जाणारे टोल्युईन. दोघांचे फ्लॅश पॉइंट जवळपास आहेत, इथेनॉलचा सुमारे १३ अंश, टोल्युईनचा सुमारे ४. ज्वलनशीलतेच्या फलकावर दोघांवर सारखीच खूण असते. पण इथेनॉलची वाहकता टोल्युईनच्या हजारो पट आहे. अर्थ केलेल्या धातूच्या टाकीत इथेनॉलचा भार तयार होताक्षणी निघून जातो, म्हणजे तिथे तार आपले काम जवळजवळ पूर्ण करते. टोल्युईनच्या टाकीला तीच तार, तोच क्लॅम्प, तोच ओहमचा आकडा असला तरी भार द्रवात बसून राहतो आणि त्याच्या पृष्ठभागावर हजारो व्होल्टचा दाब चढू शकतो. फ्लॅश पॉइंटवरून लावलेल्या पाट्या हा फरक दाखवत नाहीत.

३. केवढी ठिणगी पुरते

बहुतेक हायड्रोकार्बन बाष्पे पेटवायला सुमारे ०.२ ते ०.३ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. सुक्या हवेत गालिच्यावर चालून माणसाच्या अंगावर भार चढतो, माणसाच्या शरीराची विद्युतधारिता साधारण १५० पिकोफॅरड धरतात. दाराच्या मुठीला हात लावताना टोचल्याची जाणीव साधारण ३,००० व्होल्टच्या आसपास होते. त्या ठिणगीत सुमारे ०.७ मिलिज्यूल ऊर्जा असते. म्हणजे आपल्याला जेमतेम जाणवते ती ठिणगीसुद्धा टोल्युईनचे बाष्प पेटवायला लागते त्याच्या दुपटीहून मोठी असते. जी जाणवतही नाही, ऐकूही येत नाही, तीही पुरेशी असू शकते. "चटका बसला नाही, म्हणजे स्टॅटिक नाही" हे कामगारांच्या तोंडी असणारे वाक्य म्हणूनच सोडून द्यायला हवे.

भारित द्रवाचा पृष्ठभाग स्वतः लहान झाडूसारखा विसर्ग करतो, तोही बहुतेक बाष्पांना पुरेसा असतो. पण खरी जोरदार ठिणगी पडते ती टाकीत कुठेही न जोडलेला धातूचा तुकडा असेल तेव्हा. तुटलेला फ्लोट, आत पडलेला डबा, नायलॉनच्या दोरीला बांधून सोडलेला नमुन्याचा डबा हे सगळे भार गोळा करून एका क्षणात रिता करतात.

४. टाकीच्या वरच्या पोकळीत काय आहे

ठिणगीला पेटवायला बाष्प आणि हवेचे योग्य मिश्रण लागते. इथेही आपली भीती चुकीच्या जागी बसली आहे. पेट्रोलला सगळे घाबरतात, पण नेहमीच्या तापमानाला बंद टाकीत पेट्रोलचे बाष्प इतके दाट असते की हवा कमी पडून मिश्रण पेटण्याच्या मर्यादेच्या वर जाते. टोल्युईनचे तसे नाही. २० ते ३० अंशांना त्याच्या पृष्ठभागावर हवेत साधारण ३ ते ५ टक्के बाष्प साठते, आणि त्याची पेटण्याची मर्यादा सुमारे १ ते ७ टक्के आहे. आपल्याकडच्या जवळपास संपूर्ण वर्षाच्या हवामानात टोल्युईनची टाकी नेमकी त्या मर्यादेच्या मध्यावर उभी असते. बाष्प योग्य प्रमाणात आणि भार निघून न जाणारा, असा दुहेरी योग या द्रवात जुळतो.

पेट्रोलच्या टाकीत नंतर दुसरे इंधन भरले की तिथेही हा योग जुळतो. पेट्रोल काढलेल्या कप्प्यात डिझेल भरले, तर उरलेले पेट्रोलचे बाष्प पातळ होऊन पेटण्याच्या मर्यादेत येते आणि डिझेल भार आणते. डिझेलला निर्धोक समजून पंप पूर्ण वेगाने सोडला जातो, हेच तिथले मर्म आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात ग्लेनपूल इथे ७ एप्रिल २००३ रोजी आधी पेट्रोल साठवलेल्या मोठ्या टाकीत डिझेल भरताना स्फोट झाला. टाकीला आतून तरंगते छत होते. तरंगते छत द्रवावर टेकलेले असते तेव्हा बाष्पाला जागा देत नाही. पण टाकी जवळजवळ रिकामी झाली की ते पायांवर उभे राहते आणि खाली हवेची पोकळी तयार होते. त्या पोकळीत डिझेल नको तितक्या वेगाने शिरत होते. तपासात स्थिर विजेचा विसर्ग हे कारण निघाले.

५. एकाच कंपनीच्या दोन घटना

माझ्या मांडणीला सर्वांत ठोस आधार देणाऱ्या दोन घटना २००७ मधल्या आहेत, आणि दोन्ही बार्टन सॉल्व्हंट्स या एकाच अमेरिकन कंपनीच्या. कॅन्सस राज्यातल्या व्हॅली सेंटरला १७ जुलैला टँकरमधून नाफ्था टाकीत भरताना स्फोट झाला, टाक्यांचे आवार जळाले, हजारो लोकांना गाव सोडावे लागले. तिथे टँकर, पंप, पाइप आणि टाकी जोडलेली व अर्थ केलेली होती. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या तपासात जे पुढे आले ते असे: पंप थांबवून पुन्हा सुरू करताना पाइपात हवा शिरली, भार वाढला, नाफ्थाची वाहकता अत्यंत कमी असल्याने तो टिकला, आणि टाकीतल्या पातळी दाखवणाऱ्या फ्लोटची जोडणी सैल असल्याने तिथे ठिणगी पडण्याची शक्यता निर्माण झाली. अर्थिंग होते, आणि तरीही हे घडले. तक्रार करायची तर अर्थिंगच्या दर्जाची नाही, त्याच्या आवाक्याची करावी लागेल.

साडेतीन महिन्यांनी, २९ ऑक्टोबरला, आयोवातल्या डे मॉइन इथे इथाइल ॲसिटेट एका हलवता येणाऱ्या पोलादी टाकीत भरताना आग लागली. इथाइल ॲसिटेट भार सहज वाहून नेते. तिथे नोझल आणि त्याला लावलेले पोलादी वजन टाकीशी जोडलेले नव्हते, म्हणजे जिथे तारेने धोका पुरता टाळला असता, नेमकी तिथेच तार नव्हती.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की "अर्थिंग आहे का?" हा प्रश्न अर्धवट का आहे ते दिसते. आधी विचारायला हवे: हा द्रव भार धरतो की सोडतो? या उत्तरावर पुढचे सगळे ठरते, आणि हे उत्तर सेफ्टी डेटा शीटमध्ये बहुधा नसते. तपास करणाऱ्या बोर्डानेही ही त्रुटी नोंदवली.

६. ओहमचा आकडा खरोखर काय सांगतो

नोंदवहीतला आकडा १ ओहम आहे की ७, यावर किती वाद होतात. स्थिर विजेचा प्रवाह मायक्रोअँपिअरचा आहे. एक मायक्रोअँपिअर दहा लाख ओहमच्या वाटेने वाहिला तरी दाब चढतो फक्त १ व्होल्ट. म्हणजे स्थिर विजेपुरते दहा लाख ओहमसुद्धा पुरतात. कमी आकडा मागण्यामागे दुसरे कारण आहे: धातूची जोडणी शाबूत आहे, फ्लँजवरचे जंपर गंजलेले नाहीत, क्लॅम्पचे दात रंगावरच टेकलेले नाहीत, याची तो खूण देतो, आणि वीज कोसळण्याच्या दृष्टीने तो लागतो. ही तपासणी सोडून द्या असे मी म्हणत नाही. पण ७ चा आकडा २ वर आणल्याने टोल्युईनमधला भार कणभरही कमी होत नाही. तो वेळ आणि पैसा फ्लोटची जोडणी पाहण्यात घातला तर जीव वाचतील.

७. वेगाचा आणि थांबण्याचा हिशेब

भरणीच्या सुरुवातीला, आत जाणारा पाइप द्रवात बुडेपर्यंत, वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवायचा, हे या क्षेत्रातले प्रस्थापित मार्गदर्शन आहे. पुढेही तो ७ मीटरवर जाऊ द्यायचा नाही. द्रवात पाणी मिसळलेले असेल तर १ मीटरवरच राहायचे. भरणीचा पाइप तळाजवळ नेऊन सोडायचा, वरून ओतायचे नाही. फिल्टरनंतर भार ओसरायला पाइपात निदान ३० सेकंदांचे अंतर ठेवायचे. मोठी टाकी भरून झाल्यावर डिप (पातळीचे मोजमाप) किंवा नमुना घ्यायला ३० मिनिटे थांबायचे.

"एवढे करायला वेळ कुठे आहे?" हा प्रश्न इथे उठतो, म्हणून एक हिशेब मांडतो. ४ इंची, म्हणजे सुमारे १०० मिलिमीटर आतील व्यासाच्या पाइपातून १ मीटर वेगाने मिनिटाला सुमारे ४७० लिटर द्रव जातो. ३ मीटर व्यासाच्या टाकीत भरणीचा पाइप तळापासून १५ सेंटीमीटरवर असेल, तर तो आणखी ६० सेंटीमीटर बुडेपर्यंत साधारण ५,३०० लिटर भरावे लागतात, त्याला ११ मिनिटांवर थोडा वेळ लागतो. ३ मीटर वेगाने तेवढेच भरायला पावणेचार मिनिटे पुरली असती. फरक साडेसात मिनिटांचा. एका टँकरमागे साडेसात मिनिटे, एवढीच ही किंमत आहे. त्याच्या बदल्यात त्या काळातला विद्युतप्रवाह जवळजवळ नवव्या भागावर येतो.

मग हे घडत का नाही? कारण घाई दाखवता येते, थांबणे दाखवता येत नाही. क्लॅम्पचा फोटो काढता येतो, ओहमचे प्रमाणपत्र फाइलला लावता येते. थांबलेल्या तीस मिनिटांचा पुरावा नसतो, आणि त्या तीस मिनिटांत टँकरचा चालक पुढच्या खेपेसाठी तगादा लावत असतो, पाळीचा पर्यवेक्षक पंपाची वाट बघत असतो. टाकीवर उभा राहून डिप घेणारा बहुतेकदा कंत्राटी कामगार असतो. थांबायचा अधिकार त्याच्याकडे नसतो, झाकण उघडायचे काम मात्र त्याचेच असते.

८. आक्षेप

पहिला आक्षेप हवेचा. तारापूर, रोहा, लोटे परशुराम, महाड इथली हवा वर्षातले बरेच महिने दमट असते, मग स्थिर विजेची भीती कशाला? दमटपणाने कपडे, प्लास्टिक, कागद यांच्या पृष्ठभागावरचा भार ओसरतो, हे खरे. पण पाइपातल्या टोल्युईनला बाहेरच्या दमट हवेची खबर नसते. पाइप भरलेला आहे, भार द्रवाच्या आत आहे. दमट हवा माणसाच्या अंगावरची ठिणगी कमी करेल, टाकीतली नाही.

दुसरा आक्षेप अनुभवाचा: "वीस वर्षे असेच भरतो, काही झाले नाही." अपघाताला भार, मिश्रण आणि ठिणगीला जागा हे तिन्ही एकाच क्षणी लागतात. वीस वर्षे त्यातला एखादा हजर नव्हता, एवढेच यातून सिद्ध होते. फिल्टर बदलला, पुरवठादार बदलून अधिक शुद्ध माल आला, फ्लोटचा एक बोल्ट सैल झाला, की जुना अनुभव निरुपयोगी ठरतो.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. वाहकता वाढवणारे द्रव्य मिसळा, किंवा टाकीत नायट्रोजन भरा, मग वेगाचा खटाटोप कशाला? विमानाच्या जेट इंधनात असे द्रव्य घातले जाते आणि वाहकता ५० ते ६०० च्या दरम्यान ठेवावी लागते. हा उपाय खरोखर चांगला आहे, जिथे वापरता येतो तिथे तो वापरावाच. पण औषधाच्या किंवा सूक्ष्म रसायनाच्या उत्पादनात सॉल्व्हंटमध्ये परके द्रव्य मिसळता येत नाही. नायट्रोजन मिश्रणातला ऑक्सिजन घालवतो, भार घालवत नाही. तेलवाहू जहाजांनी १९६९ नंतर निष्क्रिय वायूचा मार्ग धरला आणि तो योग्यच होता. मात्र लहान कारखान्यातल्या उघड्या झाकणाच्या बॅरलवर तो आपोआप चालत नाही. दोन्ही उपायांना मी विरोध करत नाही. ते वेग आणि वेळेच्या जागी नकोत, सोबत हवेत.

९. स्वच्छ इंधन, जास्त सावधगिरी

हा प्रश्न मागे पडतो आहे असे मानण्याचे कारण नाही, उलट त्याला नवे बळ मिळते आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा लागू झाले आणि डिझेलमधले गंधक ५० वरून १० भाग प्रति दशलक्षावर आले. हवेसाठी ते आवश्यकच होते. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत द्रवाला वाहकता देणारी संयुगेही निघून जातात. अधिक शुद्ध डिझेल अधिक भार धरते, आणि त्यासाठीचे अधिक बारीक फिल्टर अधिक भार निर्माण करतात. डिझेल म्हणजे निर्धोक, ही जुनी समजूत घेऊन नव्या इंधनाकडे जाणे बरोबर नाही.

१०. मागणी

स्फोटके आणि पेट्रोलियम सुरक्षेचे काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. टाक्यांचे अर्थिंग आणि त्याची तपासणी नियमांत आहे. त्याला जोडून दोन गोष्टी सक्तीच्या व्हाव्यात अशी माझी मागणी आहे. पहिली, भार धरणाऱ्या प्रत्येक सॉल्व्हंटच्या चलनावर वाहकतेचा आकडा छापला जावा, म्हणजे टँकर येताच पाळीतल्या माणसाला कळेल की इथे तार पुरेल की नाही. दुसरी, भरणी कधी थांबली आणि डिप कधी घेतला, या दोन वेळा लिहून ठेवल्या जाव्यात.

अपघातानंतरच्या पंचनाम्यात "स्थिर विजेमुळे" असे लिहिले की जबाबदारी निसर्गावर जाते आणि कोणीही दोषी उरत नाही. ठिणगी निसर्गाची असेल, पण पंपाचा वेग आणि झाकण उघडण्याची वेळ माणसांनी ठरवलेली असते. म्हणून कारखानदारांना, टर्मिनलच्या व्यवस्थापकांना आणि कंत्राटदारांना माझे एकच सांगणे आहे: थांबण्याचा आदेश लेखी द्या, तो मोडून लवकर झाकण उघडायला लावण्याचा अधिकार कोणालाही देऊ नका, आणि त्या आदेशाखाली स्वतःचे नाव लिहा.